ओदू, ओडू आणि अव्वाची कवळी

सोलापूर,
बुधवार, दुपार (दुकानात गिऱ्हाईक नाही)

मैंदर्गीच्या सौ. दाक्षायणीअक्काच्या पायांशी धाकट्या नंदीशचा नमस्कार आणि शरणार्थी.

तू बरी असशील. दाजींचा गुडघा आता जिना चढू देतो का, तूर भरून झाली का, म्हैस व्याली का, हे सगळं कळवावं. (म्हशीचं आधी कळव, खरवसाचा डबा पाठवायचा की नाही ते त्यावर ठरेल.) इकडं आम्ही तिघं तब्येतीनं ठीक आहोत. चौथं माणूस सोमवारपासून तुझ्याकडं आहे, आणि पायावर पाणी घ्यायच्या आधीच तिनं तुला माझ्याविषयी जे सांगायचं ते सांगून टाकलं असणार. त्यातलं निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं तर जास्तच खरं आहे, पण त्याला कारणं आहेत, आणि ती कारणं सांगण्यासाठीच हे पत्र. अव्वाला परत पाठव म्हणायला मी लिहितोय असं तुला वाटेल, तर तसं अजिबात नाही. तिला हवं तेवढं राहू दे. आईनं लेकीकडं राहायचं नाही तर कुठं राहायचं? (फक्त तिची कवळी इथं वाटीत पाण्यात पडलीय आणि येता-जाता माझ्याकडं बघून हसते, तेवढं मला सहन होत नाही.)

फोन का केला नाही, हेही सांगतो. तुझा फोन सदा स्पीकरवर असतो. मी हॅलो म्हटलं की लांबून अव्वाचा आवाज येतो, "कोन हाय त्यो?" आवाज ओळखूनसुद्धा विचारते. अशा वेळी माणसानं काय उत्तर द्यावं? शिवाय आमच्या घरी संध्याकाळी सात ते आठ सगळे फोन गव्हाच्या डब्यात असतात. ते का, तेही पुढं येईलच.

तर याची सुरुवात झाली शाळेतल्या पालकसभेत. शांभवीच्या बाई म्हणाल्या, पोरगी हुशार आहे, गणितात कुणाला ऐकत नाही, पण अवांतर वाचनाच्या नावानं शून्य. माझा चेहरा पडला. आपल्या घराण्यात तुझ्यासारखी वाचणारी होऊन गेली (म्हणजे आहेस, देव तुला शंभर वर्षं देवो) आणि माझी लेक पुस्तक दिसलं की त्यावर पाण्याचा तांब्या ठेवते. लहानपणी तू शेंगाच्या पुड्याचा कागद उलगडून त्यावरची अर्धी फाटलेली बातमी मला वाचून दाखवायचीस आणि उरलेली अर्धी मनानं रचायचीस, ते मला अजून आठवतं. चोर पकडला गेला की नाही हे कळावं म्हणून मी दुसरा पुडा आणायचो. सभेनंतर एका पाहुण्यांचं व्याख्यान होतं, विषय 'घरात वाचनाची गोडी कशी लावावी'. अक्का, तो माणूस फार सुंदर बोलला. म्हणाला, मुलं आईबापाचं ऐकत नाहीत, आईबापाकडं बघतात, म्हणून आधी तुम्ही वाचताना दिसा. घरात वाचनाची एक छान जागा करा. एक वेळ ठरवा. त्या वेळेत मोबाईल लांब ठेवा. याच्यापुढं त्यांनी आणखी एक शेवटचा मुद्दा सांगितला, सगळ्यात महत्त्वाचा तोच, असंही म्हणाले, पण तेवढ्यात चहा आला.

घरी आलो तो भारावूनच. आपल्या हातात जे साधन आहे त्यानं सुरुवात करावी म्हणून दुकानातलं भांड्यांवर नावं घालायचं मशीन घेतलं आणि शांभवीच्या ताटाच्या मधोमध सुबक अक्षरं कोरायला बसलो. मजकूर असा ठरवला होता: 'जेवणाआधी वाचायला दोन पाने घ्यावीत.' पण मी अक्षरं जरा ठसठशीत काढली, त्यामुळे गोलात जागा पुरेना, म्हणून 'वाचायला' हा शब्द गाळला. कुणालाही कळेल असं वाटलं. शांभवीनं ताट हातात घेतलं, मन लावून वाचलं (बरं वाटलं), उठली, मांडणीतून दुसरं ताट आणलं आणि आपल्या शेजारी अव्वासाठी मांडलं. पानं घेतली की. अव्वा म्हणाली, "पोरगीनं आक्षी बरोबर वाचलं बग." तेव्हापासून अव्वाचं पान शेजारी असल्याशिवाय पोरगी घास घेत नाही. ताट स्टीलचं आहे, कोरलेलं खोडता येत नाही.

मग जागा. आपल्या पुढच्या खोलीत उजेड येणारी खिडकी एकच, आणि तिथं अव्वाची खाट. मी अव्वाला समजावलं की हा पोरीच्या भविष्याचा प्रश्न आहे, आणि खाट स्वयंपाकघराच्या मागच्या लहान खोलीत नेली. अव्वानं आपली उशी तेवढी स्वतः उचलली. खिडकीपाशी मी गादी टाकली, दिवा लावला, आणि पुस्तकांसाठी दुकानातला सगळ्यात भारी ताटांचा स्टँड आणला. त्याच्या खाचांमधून पुस्तकं अशी सुरेख उभी राहिली की धुवून ठेवल्यासारखी दिसत होती. खालच्या जाळीत चमच्यांच्या जागी पेन्सिली. भुवनेश्वरीनं बघितलं आणि इतकंच विचारलं, की मधल्या कप्प्यात वाट्या ठेवल्या तर चालतील का. तुझ्या भावजयीचं मला कौतुक वाटतं ते यासाठी, की ती माझ्या योजनांना नावं ठेवत नाही, त्यांच्यात वाट्या ठेवते.

सात वाजले की फोन डब्यात आणि मी कोपऱ्यात. मी वाचताना दिसणं गरजेचं होतं, म्हणून दिसेल असं जाड पुस्तक घेतलं. पहिल्या दिवशी दुसऱ्या पानावर झोप लागली. दुसऱ्या दिवशी पहिल्यावर. शांभवीनं शाळेत निबंध लिहिला की आमचे अप्पा झोप येत नसली की पुस्तक वाचतात. तिकडं डब्यात फोन वाजला की स्टीलमुळे देवळातल्या घंटेसारखा घुमायचा, आणि तो कुणाचा, यावर सगळ्यांची चर्चा व्हायची. आणि पाण्याच्या पाळीचा दिवस आला की विचारूच नको. आपल्याकडं पाणी कधी येईल ते महानगरपालिकेलाही ठाऊक नसतं. बरोबर सव्वासातला नळ खळखळला आणि अख्खं वाचनाचं वातावरण घागरी घेऊन मोरीत गेलं.

आता अव्वाकडं येतो. तुला ठाऊक आहे, अव्वाला मराठी वाचता येत नाही. तिची चार यत्ता शाळा कन्नड, आणि तिच्याजवळ वाचायला आहे काय, तर आपल्या आप्पांनी वर्षानुवर्षं कन्नड साप्ताहिकातून कापून आणलेली एकच लांबलचक गोष्ट, जी तिनं दाभणानं शिवून ठेवलीय. (तेच गाठोडं तिनं बरोबर आणलंय, तुझ्या कपाटात असेल.) मागच्या खोलीत गेल्यावर तिनं ते पुन्हा पहिल्यापासून काढलं. आणि अव्वाचं वाचन म्हणजे मोठ्यानं, एका लयीत, ओळीवर बोट ठेवून. भिंतीअलीकडं मी पुस्तकामागं, आणि पलीकडं हा आवाज. एकदा मी जाऊन म्हटलं, "अव्वा, मनात वाच की जरा." ती म्हणाली, "मनात वाचलं तर मला कसं ऐकू यील?"

हेही एक वेळ चाललं असतं. पण माझं लक्ष गेलं दुसऱ्याच गोष्टीकडं. रोज सातला मी शांभवीला कोपऱ्यात बसवायचो, पुस्तक हातात द्यायचो, आणि तेवढ्यात मागच्या खोलीच्या दारातून अव्वा पोरीकडं बघून एकच शब्द म्हणायची: "ओडू." की पोरगी चप्पलसुद्धा न घालता पुढच्या दारानं भुर्र. आठशिवाय परत नाही. कन्नडमध्ये 'ओडू' म्हणजे पळ, एवढं कन्नड मलाही येतं. मी दुकानातून दमून येऊन पोरीला गोडी लावायला बसतो आणि माझी सख्खी आई तिला 'पळ' म्हणून सोडवते, हे बघून माझं डोकं फिरलं. रविवारी संध्याकाळी मी नको ते बोललो. म्हटलं, "अव्वा, तू पोरीला बिघडवलालीस. तुला खिडकी पाहिजे म्हणून हे सगळं चाललंय. आणि तुझ्या त्या वाचण्यानं घरात कुणाला वाचता येत नाही." अव्वा भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं कवळी काढली, वाटीत ठेवली, गाठोड्याची सुतळी बांधली आणि सोमवारी सकाळी अक्कलकोटच्या गाडीत बसली. पुढचं तुला माहीत आहे.

त्या दिवसापासून घर गप्प आहे. इतकं शांत वातावरण मला वाचनासाठी हवं होतं, पण ते मिळाल्यावर मी पुस्तक उघडलेलं नाही. शांभवी दोन पानं घेते, शेजारचं रिकामं ताट बघते आणि भाकरी कुस्करत बसते. मी म्हटलं, अगं अव्वा नाही, एकच घे. तिनं ताट उलटं करून माझं कोरीवकाम माझ्यासमोर धरलं.

अव्वा नसल्यामुळे शाळेतून आल्यावर शांभवीला दुकानात बसवावं लागतं. काल तशी ती गल्ल्याजवळ बसली होती. अक्कलकोटच्या पलीकडची एक म्हातारी आली, नातीच्या लग्नाला तांब्याची घागर घ्यायला. बरोबर एक जुना तांब्या आणला होता. म्हणाली, "ह्याच्यावर हाय तसंच नाव घागरीवर घाला. माझ्या आईचं हाय." तांब्यावर कन्नड अक्षरं. तुला ठाऊक आहे, आपण बोलायला कन्नड, पण शाळा मराठी, तेव्हा अक्षराच्या बाबतीत मी कोरा. अशा वेळी मी चित्र काढल्यासारखं बघून बघून घालतो, आजवर कुणी तक्रार केली नाही. (केली असेल तर ती कन्नडमध्ये लिहून केली असेल.) मी मशीन सुरू केलं, तर मागून आवाज आला, "अप्पा, तुमी तांब्या उलटा धरलाव की."

मी तांब्या सरळ केला. शांभवीनं अक्षरांखालून बोट फिरवलं, अगदी अव्वा फिरवते तसं, आणि मोठ्यानं वाचलं, "का-श-म्मा. काशम्मा." म्हातारीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिलाही वाचता येत नव्हतं. आईचं नाव तिनं आयुष्यभर हातात धरलं होतं, पण वाचलेलं काल पहिल्यांदा ऐकलं. ती पोरीच्या तोंडावरून हात फिरवत राहिली, आणि मी आपला चालू मशीन हातात धरून उभा. माझी पोरगी, जिला वाचनाची गोडी नाही म्हणून मी घर उलटंपालटं केलं, ती मला न येणारी अक्षरं वाचत होती.

मग हळूहळू सगळं काढून घेतलं. "तुला कुणी शिकवलं?" तर म्हणे, "कुणी न्हाय. अव्वा बोट ठेवती, मी बोट बघते." रोज सातला कुठं जातेस? तर बिल्डिंगला वळसा घालून मागच्या दारानं अव्वाच्या खाटेवर. आणि पळतेस कशाला? यावर ती अशी हसली की मला आधी राग आला. म्हणाली, "अप्पा, अव्वा पळ म्हणतच न्हाय. तिची कवळी हलती. द म्हणायला गेली की ड होतंय. ती म्हणती, ओदू."

अक्का, 'ओदू' म्हणजे वाच. माझ्या अव्वानं रोज सातच्या ठोक्याला, खिडकी गेली असताना, मागच्या खोलीच्या दारात उभं राहून पोरीला तेच सांगितलं जे मी सांगत होतो. पहिल्या दिवशी पोरगी खरंच 'पळ' समजून पळाली, वळसा घालून मागून आली, तर अव्वा वाचत बसलेली. शेजारी टेकली. दुसऱ्या दिवसापासून तो दोघींचा खेळ झाला. मुलीनं कन्नडमधल्या दोन शब्दांचा घोळ घालून मधूनच आपल्या मराठीतली वाचायची 'ओढ' काढली, आणि मी मात्र ताटं कोरत बसलो. कवळी बसवली तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते की आठवड्यानं एकदा आणा, घासून बसवून देतो. मीच म्हटलं, सवय होईल. सवय झाली, पण सगळ्यांना चुकीची झाली.

आणि मग मला ती डोणी उलगडली. भिंतीपलीकडून अव्वाची गोष्ट माझ्या कानावर पडायची (पडायची म्हणजे, मी काही मुद्दाम ऐकत नव्हतो). त्या गोष्टीतली चन्नी, हरवलेल्या भावाला शोधत निघालेली, पुरात भीमा ओलांडायला 'डोणी'त बसते. मी तीन दिवस विचार करत होतो की गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीत बसून बाई नदी कशी पार करणार, ती तर बुडायला पाहिजे. शांभवी म्हणाली, "अप्पा, दोणी. दोणी म्हंजे नाव, होडी." तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

रात्री हे सगळं भुवनेश्वरीला सांगितलं. ती भाकरी थापत होती, न थांबता म्हणाली, "व्याख्यानात शेवटचं तेच की सांगितले. शेजारी बसून मोठ्यानं वाचून दाखवा म्हणून. तुमी चहा आणायला गेल्ताव." मी म्हटलं, मग तू बोलली का नाहीस? तर म्हणाली, मागच्या खोलीत ते चालूच होतं, आणि मलाही इथून ऐकू येत होतं, मधे बोलून कशाला घालवू. अव्वा जाईपर्यंत रोज भाकरी एका बाजूनं का करपत होती, तेही त्यातच कळलं.

अक्का, मी चार माणसांत बोलायला गेलो तर अव्वाबद्दल काय सांगणार? तिच्याकडं एकच गोष्ट, तीही जुनी, कडा उडालेली. पण ती अजून वाचल्यावाचून राहवत नाही इतकी तिला आवडते. भावाची चाहूल लागते त्या जागी तिचा आवाज अजून कापतो, पुढं काय होणार हे तिला पाठ असून. शांभवीला तेच बघायला मिळालं. मी तिला 'वाचताना दिसलो', अव्वा मात्र खरंच वाचत होती. आणि तू, पुड्याच्या कागदावरची फाटलेली बातमी रचणारी, तिचीच लेक. मला तुम्हा दोघींचा फार अभिमान वाटतो, आणि हे मी तोंडावर कधी म्हणणार नाही म्हणून लिहून ठेवतो.

दाजींना शरणार्थी सांग. म्हशीला जप.

तुझा धाकटा,
नंदीश

ता. क. खाट पुन्हा खिडकीपाशी आणलीय. दिवा तसाच ठेवलाय, तिला उपयोगी पडेल. ताटांचा स्टँड दुकानात परत नेला, त्यात आता ताटं आहेत आणि गिऱ्हाइकांना तो आवडतो. कवळी घासून घ्यायला डॉक्टरांकडं नेली होती, पण ते म्हणाले, कवळीबरोबर तोंडही आणावं लागतं.

ता. क. हे पत्र मल्लप्पाच्या टेम्पोनं पाठवतोय, तो मैंदर्गीच्या बाजाराला येतोय. शनिवारी सकाळी टेम्पो रिकामा परत येईल. पुढच्या सीटवर मी त्याला स्वच्छ चादर टाकायला सांगितलंय आणि हळू चालव म्हणून बजावलंय. हे आपलं सहज कळवलं.

ता. क. सहज नाही. अक्का, तिला पाठव. माझ्यासाठी येणार नसेल तर सांग, पोरीनं तिचं पान अजून उचललेलं नाही.

ता. क. आणि समजा काही झालं तरी ती आलीच नाही, तर तिला एवढंच विचार. त्या नावाड्याच्या हातात चन्नीच्या भावाचं कडं होतं. त्यानं वल्हं खाली ठेवलं आणि तिनं आपलं नाव सांगितलेलं नसताना म्हणाला, "चन्नी, मागं बघू नको." तिथं अव्वानं रविवारी सुतळी बांधली. तो भाऊ आहे की भावाला मारून आलेला आहे? शांभवी झोपेत 'मुंदे एनायतु, पुढं काय झालं' म्हणून विचारते. (शांभवीच्या नावावर खपवतोय. झोपेत मी विचारतो, असं भुवनेश्वरी म्हणते.)

ता. क. खालच्या चार ओळी शांभवीनं अव्वाला लिहिल्यात, कन्नडमध्ये. काय लिहिलंय ते मला सांगत नाही. बोट ठेवून बघितलं, पहिला शब्द 'अव्वा' आहे, तेवढा मला आला. पुढचं अव्वाकडून वाचून घे. मनात नको म्हणावं. मोठ्यानं वाच, इथपर्यंत ऐकू येईल असं.